बाराच्या आतलं विमान

माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, म्हणजे आमचे भाऊजी, यांच्या तावडीतून अमरावतीत आलेला किंवा अमरावतीतून निघालेला एकही माणूस आजवर उपाशी सुटलेला नाही. माणूस नात्यातलाच असावा लागतो असं नाही. गॅसचं सिलिंडर घेऊन आलेला, विजेचं मीटर बघायला आलेला, पत्ता विचारायला थांबलेला, चुकून यांचीच बेल वाजवलेला, सगळ्यांना ते एकच प्रश्न विचारतात. "बाकी मंग पाहू. आदी जेवले का, ते सांगा." यावर 'हो' म्हटलं तर ते "कवा?" असं विचारतात, आणि 'सकाळी' म्हटलं की "मंग ते जुनं झालं" म्हणून ताईला हाक मारतात. ताईचा निम्मा जन्म या हाकेला ओ देण्यात गेला. ती सांगते, की लग्नात विहारातली मंगलगाथा संपल्यावर यांनी तिच्याकडे वळून पहिलं वाक्य हेच उच्चारलं, आणि तिनं लाजून 'नाही' म्हटलं, तिथंच सगळं बिघडलं.

भाऊजी नोकरीला बस स्टँडवर होते, वाहतूक नियंत्रक म्हणून. खिडकीत बसायचं, गाड्यांच्या नोंदी करायच्या आणि माइकवरून गाड्या पुकारायच्या, हे त्यांचं काम. 'परतवाड्याकडे जाणारी गाडी फलाटावर लागलेली आहे' इथपर्यंत त्यांची मराठी सरकारी असे. मग माइक बंद करायच्या आत ते घरच्या बोलीवर येत. "गाडीले टाइम हाय अजून. लेकराईले उपाशी नेऊ नका, बापा." एकदा अंजनगाव सुर्जीची गाडी सुटायच्या बेतात होती आणि बाकावर एक म्हातारे गृहस्थ फडक्यातली भाकर सोडून बसलेले. ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला. भाऊजी खिडकीतून उठून गाडीच्या तोंडाशी जाऊन उभे राहिले. "त्या बुढ्याचा घास तोंडात हाय. तो गियू दे, मंग जाजो." साहेबांनी त्यांना बोलावून विचारलं, की तुम्ही गाड्या सोडायला बसलाय की पंगती उठवायला? भाऊजी अगदी सरळपणानं म्हणाले, "साहेब, दोन्ही."

कुणाला पोचवायला जाणं हा त्यांचा दुसरा छंद. मी अकोल्याला राहतो. अमरावतीहून अकोला म्हणजे गाडीत एक डुलकी. पण मी निघालो की ताईच्या स्वयंपाकघरात काश्मीरला निघाल्यासारखी तयारी चालते. पोळ्या, आलू-वांग्याची कोरडी भाजी, ठेचा, गुळपापडी, आणि 'रस्त्यानं कोनी भेटलं तर' म्हणून वेगळा डबा. रस्त्यानं कोण भेटणार, हे मी कधी विचारलं नाही, कारण त्या डब्याला गाडीत गिऱ्हाईक मिळालं नाही असं कधी झालेलं नाही. एकदा माझा एक पुणेकर मित्र माझ्यासोबत त्यांच्याकडे आला. त्यानं आपल्या रीतीप्रमाणे 'नको, आत्ताच झालंय' म्हणून हात जोडले. भाऊजींनी त्याच्याकडे काळजीनं पाहिलं. "कावून? बिमार हाय का तुमी?" मित्राचा चेहरा पडला. त्याला वाटलं, हे भांडतायत. तासाभरानं तो तिसरी पोळी मागत होता आणि भाऊजी त्याला वाढता वाढता माझ्या कानात म्हणत होते, "पाय, म्हनलं नव्हतं? भुकेचीच बिमारी होती."

असा हा माणूस निवृत्त झाला आणि घरात बसला. मग बऱ्याच वर्षांनी अमरावतीच्या विमानतळावरून मुंबईची विमानं सुरू झाली. भाऊजींना जणू नवं स्टँड सापडलं. रोज नाष्टा करून ते स्कूटरवर तिकडे जाऊ लागले. तिकिटाशिवाय आत सोडत नाहीत म्हटल्यावर दाराबाहेरच्या कठड्याशी उभं राहायचं आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला आपला तो प्रश्न विचारायचा. दारावरच्या जवानांना आधी संशय आला, मग सवय झाली आणि शेवटी त्यांच्या जेवणाची वेळ भाऊजींना पाठ झाली. घरी येऊन ताईला सांगत, "स्टँड लय साजरं हाय. फरशी अशी, का भात सांडला तर उचलून खावा. पन कोनी कोनाले जेवले का म्हून पुसत नाई." विमानाला ते गाडीच म्हणत आणि वैमानिकाला ड्रायव्हर. मी एकदा सुधारायला गेलो, तर म्हणाले, "चालवते ना तो? मंग."

या सगळ्यात मुख्य गोष्ट घडली ती नागपूरला मोठी आंतरराष्ट्रीय धम्म परिषद भरायची ठरली तेव्हा. थायलंड, श्रीलंका, जपान, कुठून कुठून भिक्खू आणि उपासक येणार होते. नागपूरच्या विमानतळावर एवढी गर्दी मावणार नाही, म्हणून काही खास विमानं मुंबईहून आमच्याकडे उतरवायची आणि इथून पाहुण्यांना बसनं नागपूरला न्यायचं असं ठरलं. लहानशा विमानतळाची एकच धांदल उडाली. थाई अक्षरांतल्या पाट्या रंगवून झाल्या, चाकाच्या खुर्च्या आणल्या, डॉक्टरांची जागा ठरली, दुभाषे आले. परत जाताना भिक्खूंची झडती कुणी घ्यायची, त्यांची भिक्षापात्रं तपासणीच्या यंत्रातून जाऊ द्यायची की नाही, यावर बैठका झडल्या. विहारांमधून स्वयंसेवक मागवले, आणि प्रवाशांमध्ये आयुष्य काढलेला माणूस म्हणून भाऊजी त्यांचे प्रमुख झाले. त्यांच्या गळ्यात ओळखपत्र आलं. ते गळ्यात घालून ते झोपत असत, ही ताईची साक्ष आहे.

विमानतळाची व्यवस्था एका तरुण मॅडमकडे होती. बाई दक्षिणेकडच्या, हिंदी बोलणाऱ्या, कामाला वाघीण. पहिल्याच बैठकीत भाऊजींनी हात वर केला. "मॅडम, जेवन कुठं हाय?" मॅडमनी सांगितलं, की पाहुण्यांना विमानात न्याहारी मिळेल, इथं दहाला उतरतील, लगेच बसमध्ये बसतील. भाऊजी उभेच राहिले. भिक्खू दुपारी बारानंतर अन्न घेत नाहीत, हे तिथं बसलेल्या सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणूनच तर विमानात न्याहारी ठेवली होती. पण भाऊजींच्या मते विमानातल्या डब्याला जेवण म्हणणं हा जेवणाचा अपमान होता. "अमरावतीच्या मातीले पाय लावून मानूस उपाशी नागपूरले जाईन? मले नाई चालत." मॅडम हसल्या, मग वैतागल्या, मग पुन्हा हसल्या. शेवटी गाड्या उभ्या करायच्या जागेत एक मांडव आणि निघण्यापूर्वी अर्धा तास, एवढं त्यांनी कबूल केलं. अट एकच, बारापूर्वी सगळं आटपलं पाहिजे.

त्या संध्याकाळी भाऊजी अंगणात बसले होते. मी सहज म्हटलं, "भाऊजी, एवढं काय मनाला लावून घेता? मोठमोठे लोक बघतायत सगळं." तेव्हा त्यांनी ती गोष्ट सांगितली. ताईनं ती अनेकदा ऐकली होती, मी पहिल्यांदा ऐकत होतो. छप्पन साली त्यांची आई दीक्षेसाठी नागपूरला निघाली तेव्हा भाऊजी तिच्या पोटात होते. ("म्हंजे मीई गेलो म्हना.") वाटेत लोकांची ही गर्दी, शिदोरी कधीच संपलेली, आणि आईला चक्कर आली. एका घरापुढे ती बसून राहिली. आतून एक बाई आली. तिनं नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही, जात तर नाहीच नाही. भाकर आणि अंबाडीची भाजी पुढ्यात ठेवली आणि म्हणाली, आधी जेव, मग बोल. "माय मरेपर्यंत सांगे. त्या बाईचं नाव पुसाचं राहून गेलं म्हने. घर बी सापडलं नाई परत." मग ते दाराकडे बघून म्हणाले, "परदेशातून इतक्या लांब कोनी धम्मासाठी येऊन राहिलं, अन आपल्या दारावरून भुकं गेलं, तं मी मायले काय सांगू?" मग ते माझ्याकडे वळून म्हणाले, "तू जेवला का पन?"

परिषदेच्या आधी विमानतळावर रंगीत तालीम झाली. गावातलीच मंडळी परदेशी प्रवासी झाली. त्यांना बजावलं होतं, की तुम्हाला मराठी येत नाही, कुणी काही विचारलं तर नुसतं हसायचं. विमान म्हणून उभ्या केलेल्या बसमधून उतरणं, पाट्या बघत चालणं, चाकाची खुर्ची, सामान, सगळं झकास जमलं. मॅडम घड्याळ लावून मागून चालत होत्या. एवढ्यात भाऊजींनी दाराशी एका बनावट थाई पाहुण्याला, म्हणजे त्यांच्याच शेजारच्या निवृत्त तलाठ्यांना, हात जोडून सवयीनं विचारलं, "जेवले का?" पाहुणे आपण थाई आहोत हे विसरून म्हणाले, "नाई ना बाप्पा, सकाऊनपासून चहावरच हाय." भाऊजींनी तालीम तिथंच थांबवली आणि त्यांना चिवडा खायला बसवलं. मॅडमनी कपाळाला हात लावला. पण दुसऱ्या दिवशी त्यांच्या टेबलावर ताईनं पाठवलेला डबा होता आणि तो संध्याकाळी धुऊन परत आला.

तो दिवस उजाडला. मी अकोल्याहून पहाटेच निघून मांडवात हजर झालो. भाऊजी पांढऱ्या सदऱ्यात, ओळखपत्र छातीवर सरळ केलेलं, हातात पळी. त्यांनी ठरवून टाकलं होतं, की भिक्खूसंघ जेवल्याशिवाय आपणही अन्नाला शिवायचं नाही. ताई मागून सारखी कुरकुरत होती, "सुगर हाय तुमाले. एक बिस्कूट तरी खा." ते ऐकत नव्हते. स्वयंपाकाची जबाबदारी त्यांनी विहारांवर वाटून दिली होती, आणि वाटून म्हणजे काय, तर प्रत्येकाला 'जे मनापासून वाटन ते आना' असं सांगितलं होतं. बडनेऱ्याची मंडळी आली, नांदगाव पेठची आली, अंजनगावची आली. एकेका पातेल्याचं झाकण निघू लागलं. खीर. दुसरं पातेलं, खीर. तिसरं, तीही खीर, फक्त शेवयांची. सुजातेनं बुद्धांना दिलेलं ते खीरदान प्रत्येकाच्या मनात होतं आणि पोळी-भाजी दुसरा कुणीतरी आणेल याची प्रत्येकाला खात्री होती. भाऊजी झाकणं उघडत मांडवाच्या टोकापर्यंत गेले आणि तिथं उभे राहून म्हणाले, "निरी खीर!" मग दोन पोरी स्कूटरवर पोळ्यांसाठी पिटाळल्या गेल्या. शेंदूरजनाघाटचे एक बागायतदार तेवढे वेगळे निघाले. त्यांनी भेट म्हणून संत्र्यांचे कॅरेट आणले होते.

दहा वाजले. विमान नाही. मुंबईहूनच उशिरा सुटतंय असा निरोप आला. साडेदहा झाले. भाऊजी मांडवातून दाराशी आणि दारातून मांडवाशी असे झपाझपा चालत होते. अकराला मॅडम बाहेर आल्या. "अंकल, अभी निकला है वहाँ से." मनातल्या मनात सगळ्यांनी हिशेब केला आणि कुणी कुणाकडे पाहिलं नाही. भाऊजींचा हिशेब मात्र स्टँडवरचा होता. "मॅडम, ड्रायव्हरले फोन लावा ना. म्हना, रस्ता खाली हाय, जरा दाबून घे." एरवी हे ऐकून लोक हसले असते. मॅडमसुद्धा हसल्या नाहीत. त्यांनी भाऊजींच्या हाताला हलकेच धरून खुर्चीवर बसवलं. भाऊजींच्या कपाळाला घाम सुटलेला बघून ताईनं पुन्हा बिस्किटाचा पुडा पुढे केला, आणि त्यांनी तो पुन्हा बाजूला सारला.

विमान उतरलं तेव्हा बारा वाजून गेले होते. दार उघडलं आणि भगव्या-तपकिरी चिवरांची रांग पाट्यांकडे बघत शांतपणे बाहेर येऊ लागली. सगळी व्यवस्था तालमीत झाली त्याहून नीट पार पडत होती. मांडवात सगळे वंदनेसाठी वाकले. भाऊजी हातात पळी घेऊन उभे होते. ती खाली ठेवायचं त्यांना सुचलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्यासमोर लांबून आलेला पाहुणा उभा होता आणि त्यांचा प्रश्न त्यांच्या तोंडून निघत नव्हता. विचारून करणार काय होते? मला त्यांच्याकडे बघवेना.

रांगेत सगळ्यांत पुढे संघातले सर्वांत ज्येष्ठ भिक्खू, एक अतिशय वृद्ध महाथेरो होते, चाकाच्या खुर्चीत. त्यांच्यासोबतचा तरुण थाई भिक्खू नागपूरला शिकलेला होता. मॅडमनी त्याला विचारलं, की आता यांना काय चालतं? फळांचा गाळलेला रस चालेल, असं तो म्हणाला. मग काय विचारता! शेंदूरजनाघाटच्या संत्र्यांवर सगळा मांडव तुटून पडला. ताईनं घरून आणलेल्या स्वच्छ पांढऱ्या फडक्यातून रस गाळला, विमानतळाच्या मॅडम बाह्या सरसावून संत्री पिळत होत्या. भाऊजींनी पहिला पेला दोन्ही हातांनी महाथेरोंना अर्पण केला. महाथेरोंनी पेला घेतला, पण ओठाला लावला नाही. मांडवातल्या न वाढलेल्या पत्रावळींकडे, झाकलेल्या पातेल्यांकडे आणि भाऊजींच्या घामेजल्या चेहऱ्याकडे त्यांनी सावकाश पाहिलं आणि आपल्या भाषेत हळू काहीतरी म्हणाले.

तरुण भिक्खूनं ते अस्सल नागपुरीत सांगितलं. "काका, भंतेजी विचारून राहिले, का तुमी जेवले का?"

भाऊजी नुसते बघत राहिले. असा प्रश्न आपल्यालाही कुणी विचारू शकतं, हे त्यांना ठाऊकच नसावं. मागून ताईच म्हणाली, "नाई भंते. सकाऊनपासून पान्याचा घोट नाई पोटात." महाथेरोंनी हातानंच खूण केली, बसा. तरुण भिक्खू म्हणाला, "ते म्हनतात, तुमी जेवा. आमी बसतो." आणि खरोखरच सगळा संघ मांडवात बसला. आमचा पाहुण्यांना वाढायचा मांडव, त्यात पाहुणे बसून राहिले आणि आम्ही जेवलो. निरी खीर, आणि वर उशिरा पोचलेल्या पोळ्या. ताईनं भाऊजींपुढे आधी पोळी ठेवली आणि खीर वाटीभरच वाढली. भाऊजींनी पहिला घास घेतला तेव्हा त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं त्यांच्या ध्यानात नव्हतं. त्यांनी तो घास गिळल्यावर महाथेरोंनी पेला ओठाला लावला. बसचे ड्रायव्हर, पोलीस, दारावरचे जवान, सामान उतरवणारी पोरं, सगळे त्या पंगतीत होते. मॅडमनी दिलेला अर्धा तास कधीच उलटून गेला होता आणि घड्याळाकडे मॅडमच बघत नव्हत्या.

बसेस निघाल्या. पोचवायला गेलेले भाऊजी फाटकापर्यंत बसच्या बाजूनं चालत होते. परतताना मला एवढंच म्हणाले, "लेका, मायले सांगाले झालं काईतरी."

आता भाऊजी थकले आहेत. गुडघे बोलतात, डॉक्टरांनी स्कूटर बंद केली आहे. मॅडमची बदली झाली, जाताना त्या ताईकडून ठेच्याची कृती लिहून घेऊन गेल्या. तरी मागच्या महिन्यात मी मुंबईला निघालो तेव्हा भाऊजी हट्टानं रिक्षा करून विमानतळावर आले. दारावरच्या जवानानं त्यांना वाकून जयभीम केला. मी डबा घेऊन आत गेलो, तपासणी आटोपली आणि सवयीनं मागे वळून पाहिलं. काचेपलीकडे ते कठड्याला धरून उभे होते. मला बघताच त्यांनी पाचही बोटं एकत्र करून तोंडाशी नेली आणि भुवया उंचावल्या. मी मान हलवून 'हो' म्हटलं. मग मलाच काय वाटलं कोण जाणे, मीही तशीच बोटं तोंडाशी नेली आणि त्यांच्याकडे बघून भुवया उंचावल्या.

ते त्या दिवशीसारखेच गोंधळले. मग लहान मुलासारखं हळूच मान हलवून त्यांनी 'नाही' सांगितलं. मी हातातला डबा उघडला आणि काचेला लावून उभा राहिलो.